प्रकाशकांना ई-पुस्तकासाठी राजी कसं करायचं? चोरीच्या भीतीला काय उत्तर द्यायचं?

ओलीपाने:

गेल्या महिन्यात एका प्रकाशनसंस्थेला पत्र लिहिलं. त्यांचं एक पुस्तक मला हवं आहे. छापील आवृत्ती संपून बरीच वर्षं झाली आणि पुनर्मुद्रणाचा विचार नाही, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. म्हणून विचारलं, ई-पुस्तक काढाल का? मी पैसे आगाऊ भरायला तयार आहे. उत्तर लगेच आलं, सभ्य भाषेत आलं. "ई-पुस्तक काढलं की दुसऱ्या दिवशी ते फुकट फिरू लागतं. त्यात लेखकाचं नुकसान आणि आमचंही. म्हणून आम्ही त्या वाटेला जात नाही."

वाईट वाटलं, पण राग आला नाही. पुस्तकात जीव आणि पैसा दोन्ही घालणाऱ्या माणसाला ही भीती वाटणारच. मग सहज पुस्तकाचं नाव शोधून पाहिलं, तर पहिल्या पाच दुव्यांतच त्याची चोरटी प्रत. कुणीतरी ग्रंथालयातल्या प्रतीचे फोटो काढून पीडीएफ केली आहे. नमुन्याच्या पानांवर ग्रंथालयाचा शिक्का दिसतो, कडेला धरणाऱ्याचा अंगठा दिसतो. मी ती उतरवून घेतली नाही. पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. हे पुस्तक फुकट घेणाऱ्याला आज मिळतं, आणि पैसे देऊ म्हणणाऱ्याला मिळत नाही.

ई-पुस्तक न काढल्याने चोरी थांबत असती तर मी गप्प बसले असते. पण चोरटी प्रत कागदावरूनच तयार होते. सगळ्यांत मोठं उदाहरण हॅरी पॉटरचं. जे. के. रोलिंग यांनी अनेक वर्षं ई-पुस्तकांना परवानगी दिली नव्हती, आणि त्यामागचं एक कारण चोरीची भीती हेच होतं. २००७ च्या जुलैमध्ये सातवा भाग दुकानांत येण्याआधीच कुणीतरी सगळ्या पानांचे फोटो काढून ते इंटरनेटवर टाकले. अधिकृत ई-पुस्तक नव्हतंच, तरी चोरटं होतं. शेवटी मार्च २०१२ मध्ये रोलिंग यांनी स्वतःच्या संकेतस्थळावरून सातही भाग ई-पुस्तक म्हणून विकायला काढले.

मला त्या प्रकाशकांना पुन्हा लिहायचं आहे. वाद घालायचा नाही, त्यांना पटवायचं आहे. कुणी असा प्रयत्न केला आहे का? कोणता मुद्दा लागू पडतो, कोणत्या मुद्द्याने माणूस आणखी आखडतो? प्रकाशनव्यवसायातलं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

*

शिसाक्षर:

अक्षरजुळणीपासून सुरुवात करून अनेक वर्षं प्रकाशनाच्या निर्मिती विभागात काढली आहेत, म्हणून लिहितो.

पहिली विनंती. प्रकाशकाला "तुमची भीती खोटी आहे" असं कधीही लिहू नका. त्याने स्वतःच्या पुस्तकाच्या चोरट्या प्रती पाहिलेल्या असतात. लेखकाचा फोन आलेला असतो, "अहो, माझं पुस्तक अमुक ठिकाणी फुकट दिसतंय." त्या फोनवर काय बोलायचं हे कुणालाच कळत नाही. अशा माणसाला आपण जाऊन सांगायचं की यात काही नुकसान नाही, तर तो पुढचं वाचणारच नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. प्रकाशक "चोरी" म्हणतो तेव्हा बरेचदा त्या एका शब्दामागे आणखी दोन-तीन अडचणी दडलेल्या असतात. त्या सांगायला अवघड, म्हणून सोपं कारण पुढे केलं जातं. तुम्ही चोरीवर कितीही मुद्देसूद लिहिलंत तरी त्या अडचणी जागच्या जागीच राहतात.

एक अडचण हक्कांची. जुन्या करारपत्रांत ई-पुस्तकाचा शब्दही नसतो. तेव्हा ते हक्क कुणाकडे? अमेरिकेत रँडम हाउस या बड्या प्रकाशनसंस्थेने रोझेटा बुक्स या ई-पुस्तकांच्या कंपनीवर याच प्रश्नावरून खटला भरला होता. रोझेटाने थेट लेखकांशी करार करून काही जुनी पुस्तकं इलेक्ट्रॉनिक रूपात आणली होती. "पुस्तकरूपाने" छापण्याचे हक्क आमच्याकडे आहेत, त्यात ई-पुस्तकही आलं, असं रँडम हाउसचं म्हणणं होतं. २००१ मध्ये न्यायालयाने त्यांची तातडीच्या मनाईची मागणी फेटाळली, २००२ मध्ये अपिलातही तेच झालं. म्हणजे जुन्या करारावर विसंबून प्रकाशकाने ई-पुस्तक काढलं तर तो स्वतःच अडचणीत येऊ शकतो. लेखक हयात नसेल, वारस चार ठिकाणी पांगलेले असतील, तर सह्या गोळा करण्यातच वर्ष जातं.

दुसरी अडचण फायलींची, आणि ही मी स्वतः हातांनी उपसली आहे. वाचकाला वाटतं की पुस्तक संगणकावरच तर जुळवलं, मग फाईल असणारच. असते, पण कशी? पुस्तक शेवटच्या घटकेला छापखान्यात दुरुस्त झालेलं असतं आणि ती दुरुस्ती मूळ फाईलमध्ये कुणी केलेली नसते. जुन्या सॉफ्टवेअरची फाईल नव्या यंत्रावर उघडत नाही. रोमन लिपीबाहेरच्या भाषांत तर मोठाच घोळ आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच सांकेतिक पद्धत, रुळण्याआधी प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याची स्वतःची सांकेतिक मांडणी होती. पडद्यावर "क" दिसतो, पण फाईलच्या पोटात भलतंच रोमन चिन्ह असतं. रूपांतराचा प्रोग्रॅम चालवला की जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, र्‍हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते. मग सबंध पुस्तकाचं मुद्रितशोधन पुन्हा. तीनशे पानांच्या पुस्तकाला हे काम नीट करायचं तर एका माणसाचे कित्येक आठवडे जातात. छोट्या संस्थेत तो माणूसच नसतो.

म्हणून पत्रात चोरीबद्दल लिहा, पण एक साधा प्रश्नही विचारा: "चोरीखेरीज आणखी काही अडचण आहे का?" मी प्रकाशकाच्या बाजूला बसून अशी पत्रं वाचली आहेत. हा प्रश्न विचारणारं पत्र बाजूला काढून ठेवलं जातं आणि त्याला खरं उत्तर जातं.

*

रोखठोक:

धागा चांगला आहे, पण एका गोष्टीबद्दल सावध करतो. "चोरीने विक्री घटत नाही, उलट जाहिरात होते" हा दावा इंटरनेटवर फार सैल हाताने केला जातो. संगणकावरची पुस्तकं काढणारे अमेरिकन प्रकाशक टिम ओ'रायली यांनी २००२ मध्ये मांडलेला मुद्दा, की लेखकाला चोरीपेक्षा अज्ञात राहण्याचा धोका मोठा, हा नवोदित लेखकाच्या बाबतीत मला पटतो. पण तो सरसकट लावता येत नाही.

इम्के रायमर्स या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा २०१६ मधला अभ्यास आहे. चोरट्या प्रती शोधून त्या काढून टाकायला लावण्याची सेवा काही पुस्तकांसाठी घेतली गेली. त्या पुस्तकांच्या ई-आवृत्तीची विक्री सुमारे १४ टक्क्यांनी जास्त झाली, असं त्यांना दिसलं. म्हणजे चोरटी प्रत सहज हाताशी असली तर विक्रीला फटका बसतो. प्रकाशकाने हा अभ्यास वाचलेला असला आणि तुम्ही "काही फरक पडत नाही" म्हणालात, तर तुमचं पत्र तिथेच संपलं.

दुसऱ्या बाजूला युरोपियन कमिशनने करून घेतलेला मोठा अभ्यास आहे. तो २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि युरोपीय संसदेच्या सदस्य ज्युलिया रेडा यांनी पाठपुरावा केल्यावर २०१७ मध्ये उजेडात आला. नवे गाजलेले चित्रपट सोडले तर चोरीमुळे विक्री घटते याचा ठोस सांख्यिकी पुरावा त्यात मिळाला नाही. पण "पुरावा मिळाला नाही" आणि "नुकसान होत नाही" यांत अंतर आहे. तोही जपून वापरा.

*

ओलीपाने:

शिसाक्षर, तुमच्या प्रतिसादाने माझं पत्र निम्मं बदललं. हक्कांचा आणि फायलींचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. त्यांच्या तीन ओळींच्या उत्तरामागे काय काय असू शकतं ते आता कळतंय.

रोखठोक, मान्य. "नुकसान होत नाही" असं मी लिहिणार नाही, कारण मला तसं वाटतही नाही. पण तुम्ही सांगितलेला तो १४ टक्क्यांचा अभ्यास नीट पाहा. त्यातली पुस्तकं ई-पुस्तक म्हणून विक्रीला होती. चोरट्या प्रती हटवल्यावर ई-आवृत्तीची विक्री वाढली, कारण वाचकाला जायला अधिकृत दुकान होतं. माझ्या पुस्तकाची चोरटी प्रत उद्या हटवली तरी एकही जास्त प्रत खपणार नाही, कारण विकायला काही नाहीच. म्हणजे तो अभ्यास सांगतो की ई-पुस्तक काढा आणि चोरट्या प्रतींवर लक्ष ठेवा. ई-पुस्तक काढू नका असं तो कुठेच सांगत नाही.

*

रोखठोक:

हे बरोबर आहे. मी त्या बाजूने पाहिलं नव्हतं. त्याच अभ्यासात छापील आवृत्त्यांच्या विक्रीवर मात्र परिणाम दिसला नव्हता, हेही जोडा. "ई-पुस्तक चोरीला गेलं की कागदी पुस्तकही बुडतं" ही जी धास्ती असते, तिला त्याने थोडा धीर मिळेल.

*

कुलूपकिल्ली:

तांत्रिक बाजू मी लिहितो. प्रकाशक राजी झाला की त्याचा पुढचा शब्द "डीआरएम" असतो, म्हणजे फाईलला लावायचं डिजिटल कुलूप. ते कसं चालतं हे साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

पुस्तकाची फाईल कूटबद्ध करतात आणि ती उघडायची किल्ली वाचकाच्या यंत्रात किंवा अ‍ॅपमध्ये ठेवतात. ठेवावीच लागते, नाहीतर पैसे दिलेला वाचक वाचणार कसा? म्हणजे ज्याच्यापासून पुस्तक लपवायचं त्याच्याच घरात कुलूप आणि किल्ली दोन्ही द्यायची. हा दोष एखाद्या कंपनीच्या कामातला नाही, कल्पनेतच आहे. म्हणून आजवर वापरात आलेली बहुतेक कुलपं कधी ना कधी उघडली गेली. आणि जगात एका माणसाने एकदा उघडलं की पुरे, बाकीच्यांना ती उघडी प्रत मिळते. कुलूप मग फक्त प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या दारावर उरतं. त्याचं वाचनयंत्र बदललं की पुस्तक उघडत नाही, दुकान बदललं की जुनी पुस्तकं मागेच राहतात.

मागे राहतात म्हणजे काय, तेही सांगतो. २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तकं वाचकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून दूरवरूनच पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे नंतर लक्षात आलं म्हणून. पैसे परत दिले, पुढे बेझोस यांनी माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकत घेतलेली सगळी पुस्तकं उघडायची थांबली. तिथेही पैसे परत मिळाले. पण पानांवर लिहून ठेवलेल्या टिपांचं काय? ज्याने हे एकदा भोगलं तो पुढचं ई-पुस्तक घेताना दहा वेळा विचार करतो, आणि ते नुकसान प्रकाशकाचंच असतं.

आता कुलपाशिवाय विकणारे. संगीतात हे आधी झालं. जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅपलने जाहीर केलं की आयट्यून्सवरची सगळी गाणी कुलपाविना मिळतील, आणि चारही मोठ्या कंपन्या त्यात होत्या. पुस्तकांत टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनाने २०१२ च्या उन्हाळ्यात आपली सगळी ई-पुस्तकं कुलपाविना केली. टॉर म्हणजे मॅकमिलन या बड्या समूहातली संस्था, छंद म्हणून चालवलेलं दुकान नव्हे. वर्षभराने त्यांच्या ब्रिटिश शाखेने जाहीरपणे सांगितलं की एकाही पुस्तकाच्या चोरीत लक्षात येण्याजोगी वाढ दिसलेली नाही. प्रकाशकाला प्रकाशकाचा अनुभव पटतो. तुमच्या पत्रात एकच उदाहरण घालायचं असेल तर हे घाला.

तरीही त्यांना काहीतरी संरक्षण हवंच असेल, तर मधली वाट आहे: जलचिन्ह. प्रत विकताना फाईलमध्ये गिऱ्हाइकाचं नाव किंवा व्यवहाराचा क्रमांक घालतात, काही खुणा दिसतील अशा आणि काही आत लपवलेल्या. फाईल कुठल्याही यंत्रावर उघडते, मित्राला द्यायला कुणी हात धरत नाही. पण ती उघड्यावर टाकायची म्हटलं की माणूस थबकतो, कारण त्यावर त्याची खूण आहे. वर हॅरी पॉटरचा उल्लेख आला. रोलिंग यांच्या संकेतस्थळाने २०१२ मध्ये हीच पद्धत घेतली होती. जर्मनीतल्या मोठ्या प्रकाशनसमूहांनीही २०१५ मध्ये कडक कुलूप सोडून जलचिन्ह धरलं. निर्ढावलेला चोर जलचिन्हही पुसू शकतो, हे प्रकाशकापासून लपवू नका. त्याला ते ठाऊक असतंच, आणि आपण आधीच सांगितलं की आपल्या बाकीच्या बोलण्यावरही त्याचा विश्वास बसतो.

*

दुसरी_आवृत्ती:

मी लेखक आहे. माझी दोन पुस्तकं छापील स्वरूपात आहेत, ई-पुस्तक एकाचंही नाही. या चर्चेत लेखकाला कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या पुस्तकाची चोरटी प्रत मी पाहिली तेव्हा अंगातलं बळ गेल्यासारखं झालं. सात वर्षांचं काम. खाली कुणीतरी "धन्यवाद, फार दिवस शोधत होतो" असं लिहिलं होतं. आधी चीड आली. रात्री पुन्हा ते वाक्य आठवलं. फार दिवस शोधत होतो. म्हणजे त्याने आधी विकत घ्यायचा प्रयत्न केला असेल? तेव्हा माझी आवृत्ती संपलेलीच होती. त्याला मी काय दिलं असतं?

सगळेच असे नसतात हे मलाही कळतं. प्रत विकत मिळत असताना फुकट घेणारेही आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही. पण जो शोधत होता आणि ज्याला सापडलं नाही, तो माझा वाचक होता, आणि माझ्या प्रकाशकाने आणि मी मिळून त्याला चोराच्या दारात पाठवलं.

यानंतर मी प्रकाशकांशी बोलले. ते म्हणाले, "तुम्ही लेखी द्या, मग बघू." त्यांना वाटत होतं की उद्या प्रत फिरली तर मी त्यांनाच दोष देईन. बघा, त्यांची भीती चोराची नव्हती, माझ्या फोनची होती. मी लेखी दिलं. आता माझ्या पहिल्या पुस्तकाचं काम सुरू आहे.

ओलीपाने, तुमच्या पुस्तकाचे लेखक हयात असतील तर पत्राची प्रत त्यांनाही पाठवा. प्रकाशकाच्या टेबलावर लेखकाचं आणि वाचकाचं पत्र एकाच आठवड्यात आलं तर फरक पडतो.

*

शिसाक्षर:

"चोराची नव्हती, माझ्या फोनची होती." हे शंभर टक्के खरं आहे. मी त्या खुर्चीत बसलो आहे.

*

स्पर्शवाचक:

मला दिसत नाही. हे सगळं मी स्क्रीनरीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, ऐकत ऐकत वाचलं आणि एकदोन ठिकाणी थांबावं लागलं, कारण तुम्ही जे गमावलं म्हणता ते माझ्यासाठी रोजचं आहे.

कागदी पुस्तक माझ्यासाठी बंद पेटी आहे. कुणीतरी स्कॅन करायचं, मग अक्षर-ओळख करणारं सॉफ्टवेअर चालवायचं, मग त्यातल्या चुकांसकट ऐकायचं. तळटीप मधेच वाक्यात घुसते, पानाचा क्रमांक संवादात येतो. नीट बनवलेल्या ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकांच्या प्रचलित फाईल-प्रकारात, प्रकरणं, शीर्षकं, तळटिपा, चित्रांची वर्णनं सगळं आपापल्या जागी असतं. मी प्रकरणावरून प्रकरणावर जाऊ शकतो. डोळस माणूस पानं चाळतो तसं.

२०१३ मध्ये मराकेश करार झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी, हक्कधारकाची परवानगी न घेता, वाचता येईल अशी प्रत करण्याची आणि ती देशांच्या सीमांपलीकडे पाठवण्याची सोय त्यात आहे. मोठी गोष्ट आहे. पण अशी प्रत कुणीतरी तयार करायची, ती एखाद्या संस्थेमार्फत मिळवायची, वाट पाहायची. इतरांसारखं नवं पुस्तक त्याच दिवशी विकत घ्यायचं, हे सुख त्यात नाही. मला सवलत नको आहे, मला गिऱ्हाईक व्हायचं आहे. युरोपियन संघात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकं सर्वांना वाचता येतील अशी असावीत हा कायदाच लागू झाला आहे, म्हणजे तिथे विकायचं तर हे करावंच लागणार.

आणि चोरीच्या भीतीची किंमत पहिल्यांदा आम्ही मोजतो. २००९ मध्ये किंडल मोठ्याने वाचून दाखवू लागलं तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली. यंत्राने वाचणं म्हणजे श्राव्यपुस्तकाच्या हक्कांवर घाला, असं त्यांचं म्हणणं. मग अ‍ॅमेझॉनने प्रकाशकांना पुस्तकागणिक तो आवाज बंद करण्याची मुभा दिली. पैसे देऊन घेतलेलं पुस्तक माझ्या हातात मुकं. म्हणून कुलपाबद्दल लिहाल तेव्हा हेही लिहा, की कुलूप लावायचंच असेल तर निदान आवाज बंद करू नका.

*

रोखठोक:

स्पर्शवाचक, हा प्रतिसाद वाचून माझा सूर बदलला, हे मोकळेपणाने सांगतो.

एक शंका मात्र उरते. कादंबरी, कवितासंग्रह, आठवणी यांना वर लिहिलेलं सगळं लागू आहे. अभ्यासक्रमातल्या पुस्तकांचं काय? एका वर्गात एकाने घेतलं की बाकी सगळ्यांकडे पोचतं. तिथे वाचक पुस्तकावर प्रेम करत नाही, त्याला परीक्षा द्यायची असते. लहान प्रकाशकाचा सगळा डोलारा कधी कधी अशा दोन-तीन पुस्तकांवर उभा असतो, आणि त्याच पैशातून तो कवितासंग्रह काढतो. त्याने ती पुस्तकं ई-स्वरूपात आणायची नाही म्हटलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

*

शिसाक्षर:

मीही म्हणणार नाही. आणि म्हणूनच "तुमची सगळी पुस्तकं आणा" अशी मागणी कधी करायची नाही. एवढ्या मोठ्या मागणीला नाही म्हणणं सगळ्यांत सोपं असतं.

एक पुस्तक मागा. तेही आवृत्ती संपलेलं, ज्याचं पुनर्मुद्रण होणार नाही. अशा पुस्तकाच्या बाबतीत प्रकाशकाच्या भीतीला टेकायला जागाच नसते. छापील विक्री शून्य आहे, तर चोरी काय खाणार? त्याची चोरटी प्रत आधीच बाहेर असेल तर तेही नम्रपणे कळवा. दुवा जाहीर करू नका, त्यांना खासगीत कळवा, म्हणजे ते ती हटवण्याची नोटीस पाठवू शकतील. आपण त्यांच्या बाजूचे आहोत हे त्यांना त्यातून दिसतं.

असा प्रयोग बेन बुक्स या अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या प्रकाशनाने २००० च्या सुमारास केला होता. एरिक फ्लिंट या लेखकाच्या पुढाकाराने त्यांनी काही जुनी पुस्तकं चक्क फुकट आणि कुलपाविना ठेवली. फ्लिंट यांनी पुढे लिहिलं की त्यांच्या जुन्या पुस्तकांची विक्री त्यामुळे वाढली. फुकट ठेवा असं मी म्हणत नाही. पण जुन्या पुस्तकावर प्रयोग करून पाहता येतो, आणि नाही जमलं तर मागे येता येतं.

मदत देऊ शकत असाल तर नेमकी द्या. "काही लागलं तर सांगा" याचा उपयोग नसतो. मुद्रितशोधन करून देईन, एवढी पानं, एवढ्या दिवसांत, असं लिहा. रूपांतरानंतरचं मुद्रितशोधन हाच सगळ्यांत वेळखाऊ भाग आहे, आणि पुस्तकावर जीव असलेला वाचक ते पगारी माणसापेक्षा बारकाईने करतो. मी रूपांतर करून द्यायला तयार आहे. जुन्या फॉन्टच्या फायली पाहिल्या की हात अजून शिवशिवतात.

*

ओलीपाने:

शिसाक्षर, मनापासून आभार. तुमच्या तयारीचा उल्लेख नाव न घेता केला आहे. सगळ्यांचं ऐकून पत्र नव्याने लिहिलं, खाली देते आहे.

"आदरणीय महोदय,

मागच्या महिन्यात आपल्या पुस्तकाच्या ई-आवृत्तीबद्दल मी विचारलं होतं. आपण तत्परतेने उत्तर दिलंत, त्याबद्दल आभारी आहे. चोरीबद्दलची आपली काळजी खरी आहे. या पुस्तकाची कागदावरून केलेली चोरटी प्रत दुर्दैवाने आजच बाहेर आहे. तपशील सोबतच्या स्वतंत्र कागदावर दिला आहे, म्हणजे आपल्याला ती हटवण्याची कारवाई करता येईल.

ती प्रत हटली तरी ज्याला हे पुस्तक विकत घ्यायचं आहे त्याच्यापुढे आज कुठलाच मार्ग नाही. म्हणून विनंती फक्त याच एका पुस्तकाची आहे, आपल्या इतर पुस्तकांची नाही. टॉर या प्रकाशनाने २०१२ पासून आपली ई-पुस्तकं डिजिटल कुलपाविना विकली आणि वर्षभरानंतर चोरीत लक्षात येण्याजोगी वाढ आढळली नाही असं सांगितलं. आपल्याला थोडं संरक्षण हवं असेल तर प्रत्येक प्रतीवर गिऱ्हाइकाची खूण घालण्याची सोय आहे. ती खूण पुसणं अशक्य नाही, पण त्यामुळे प्रामाणिक वाचकाला त्रासही होत नाही.

करारपत्रातले हक्क, जुन्या फायली किंवा मनुष्यबळ अशी आणखी काही अडचण असेल तर कृपया मोकळेपणाने कळवा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा अनुभव असलेले एक गृहस्थ मदतीला तयार आहेत. रूपांतरानंतरचं संपूर्ण मुद्रितशोधन मी सहा आठवड्यांत करून देईन. या पत्राची प्रत लेखकांनाही पाठवत आहे.

पुस्तक निघाल्यावर त्याची पहिली प्रत मी विकत घेईन. भेट म्हणून नको."

काही राहिलंय का?

*

दुसरी_आवृत्ती:

लेखकांना नुसती प्रत पाठवू नका, सोबत चार ओळी वेगळ्या लिहा. पुस्तकातली कोणती गोष्ट तुमच्या मनात राहिली ते. आवृत्ती संपलेल्या पुस्तकाबद्दल लेखकाला कुणी लिहीत नाही.

*

कुलूपकिल्ली:

"डिजिटल कुलपाविना" पुरेसं आहे, तांत्रिक शब्द आणखी नको. फक्त ईपब हवं असं स्पष्ट लिहा. नाहीतर छपाईची पीडीएफच विक्रीला ठेवतील, आणि लहान पडद्यावर ती वाचवत नाही.

*

स्पर्शवाचक:

आणि आवाजाचं?

*

ओलीपाने:

तिसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला घातलं: "ई-आवृत्ती ईपब स्वरूपात असावी आणि स्क्रीनरीडरने ऐकता यावी, म्हणजे ज्यांना छापील पान वाचता येत नाही तेही आपले ग्राहक होतील." लेखकांना वेगळं पत्र लिहायला बसले आहे. दोन्ही पत्रं उद्या सकाळच्या टपालात पडतील.